पुंगळीची दुसरी खेप

बंदुकीचा बार झाला की गोळी जाते, दारू जळून जाते आणि मागे उरते ती पितळेची पुंगळी. काडतुसातला सगळ्यात महाग भाग हाच. अमेरिकेतले नेमबाजीचे नादिष्ट लोक तो टाकून देत नाहीत. पुंगळ्या वेचून घरी नेतात, घासूनपुसून ठेवतात, मापात आणतात आणि पुन्हा भरतात. त्यासाठी तळघरात किंवा गॅरेजमध्ये एक दणकट टेबल असतं. त्यावर लांब दांड्याचा प्रेस घट्ट बसवलेला, शेजारी तराजू, मापं, पोलादी डाय, आणि फळीवर वर्षानुवर्षं जमवलेले डबे. हा एवढा पसारा एका माणसाच्या हौसेतून उभा राहिलेला नाही. त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

त्याआधी तर बंदूक बाळगणारा प्रत्येक जण आपला बार आपणच भरत असे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नळीत दारू ओतायची, वरून छरे किंवा गोळी, मग गजाने ठासायचं. अमेरिकी वसाहतींतला शिकारीही हेच करायचा. दारूचं शिंग, शिशाचा तुकडा आणि गोळ्या ओतण्याचा चिमट्यासारखा साचा, एवढं सामान त्याच्या पिशवीत असे. सॅम्युएल कोल्टच्या रिव्हॉल्व्हरच्या पेटीतही दारूची कुपी आणि गोळीचा साचा बसवलेला मिळायचा. शिसं आणि दारू जवळ असली म्हणजे माणूस दुकानाचा मिंधा नव्हता.

धातूच्या काडतुसाने हे स्वातंत्र्य हिरावून घेतलं. स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये आपल्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी जे पॉइंट टू-टूचं काडतूस आणलं, त्यात ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला होता. घोडा त्या कडेवर आपटला की कड चेपायची, आत ठिणगी पडायची. काडतूस सोयीचं खरं, पण एकदा चेपलेली कड पुन्हा कामाची नाही.

मार्ग निघाला तो १८६६ मध्ये, आणि एकाच वर्षी दोघांना सुचला. अमेरिकेत हायरम बर्डन आणि इंग्लंडमध्ये वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचे एडवर्ड बॉक्सर या दोघांनी ठिणगीचा मसाला बुडाच्या मध्यभागी एका वेगळ्या इवल्याशा वाटीत ठेवला. ही वाटी म्हणजे प्राइमर. दोघांत फरक होता तो ऐरणीचा. मसाला चिरडायला समोर काहीतरी टणक लागतं. बर्डनने ती ऐरण पुंगळीच्याच बुडात घडवली आणि तिच्या दोन बाजूंना ठिणगी आत जायला बारीक भोकं ठेवली. बॉक्सरने ऐरण प्राइमरच्या आतच बसवली, त्यामुळे त्याच्या पुंगळीला बरोबर मध्ये एकच भोक पुरलं. मध्ये भोक असलं की आतून एक सळई घालून वापरलेला प्राइमर सरळ बाहेर ढकलता येतो. बर्डनच्या पुंगळीत तीच सळई ऐरणीवर अडते.

पुढे मोठी उलटापालट झाली. अमेरिकन माणसाची बर्डन पद्धत युरोपने घेतली आणि इंग्रजाची बॉक्सर पद्धत अमेरिकेत रुजली. घरी काडतूस भरण्याचा छंद अमेरिकेत इतका का फोफावला याची अनेक कारणं सांगता येतील. तिथली अंतरं, तिथले बंदुकीचे कायदे, तिथला शिकारीचा रिवाज. पण माझ्या मते या सगळ्यांना हात देणारी गोष्ट म्हणजे ते मधलं एक भोक.

त्याचा पहिला मोठा फायदा उठवला तो १८७० च्या दशकात गवताळ मैदानांत कातड्यासाठी बायसन मारणाऱ्या शिकाऱ्यांनी. गाव आठवडाभराच्या वाटेवर, तिथून तयार काडतुसं आणणं परवडेना. मग ते शिसं, दारू आणि प्राइमर गाडीत घालून निघत आणि रात्री तळावर शेकोटीजवळ दुसऱ्या दिवसाची काडतुसं भरत. ही काटकसर ज्या कामी आली ते मात्र भयंकर होतं. १८८९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हॉर्नडे यांनी गणती छापली तेव्हा लक्षावधींच्या कळपांतून हजाराच्या घरात बायसन उरले होते. या कुळकथेतलं हे पान वगळून पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही.

१८८४ मध्ये जॉन बार्लो यांनी कनेटिकटमधल्या न्यू हेवनला आयडियल कंपनी काढली आणि सांडशीसारखं एक हातात मावणारं अवजार विकायला सुरुवात केली. प्राइमर काढणं, नवा बसवणं, गोळी दाबून बसवणं, सगळं त्या एकात. सोबत ते कोणत्या काडतुसात किती दारू भरायची हे सांगणारं हँडबुकही छापत. १९२५ मध्ये हा धंदा लायमन कंपनीकडे गेला आणि हँडबुकाची परंपरा तिने चालू ठेवली. माझ्या लेखी या टेबलावरची सर्वांत मोलाची वस्तू हे पुस्तकच. कारण त्याच १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली होती. काळी दारू मापट्याने भरली तरी चालून जाई. बिनधुराची दारू फार जोरकस, थोडी चुकून जास्त पडली तरी दाब बेसुमार वाढतो आणि बंदूक हातात फुटते. म्हणून तराजू आला, आणि तोही ग्रेनमध्ये मोजणारा. एका पौंडात ७००० ग्रेन.

पितळेच्या स्वभावाचा एक धडा हिंदुस्थानात मिळाला. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात साठवली की त्यांच्या पुंगळ्यांना आपोआप तडे जात. बरीच वर्षं याचा उलगडा होईना. १९२१ मध्ये समजलं की ठोकून-ओढून घडवलेल्या पितळेत ताण साठून राहतो, आणि दमट हवेत घोड्यांच्या मुतातला अमोनिया त्या ताणावर घाव घालतो. पुंगळी तापवून मऊ केली की ताण निघून जातो. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर भांडं ठोकता ठोकता मध्येच ते भट्टीत घालतो, तो याच कारणासाठी. आजही जाणता माणूस पुंगळी धुवायला अमोनियाचं पाणी वापरत नाही, आणि बऱ्याच वेळा वापरलेल्या पुंगळीचं तोंड तापवून घेतो.

आज दिसणारं टेबल खरं भरलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. ब्रूस हॉजडन यांनी कॅन्ससमध्ये सरकारकडे उरलेली लष्करी दारू टनावारी विकत घेतली आणि घरूनच किरकोळ विकायला लागले. त्याआधी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलला फ्रेड हंटिंग्टन यांना रॉक चक नावाच्या डोंगरी प्राण्याच्या शिकारीसाठी चांगल्या गोळ्या मिळत नव्हत्या. त्यांनी पॉइंट टू-टूच्या टाकाऊ पुंगळ्यांपासून गोळीचं तांब्या-पितळेचं कवच घडवणारे डाय बनवले. त्यातून आरसीबीएस कंपनी निघाली. नेब्रास्कातले जॉइस हॉर्नडी आणि आयडाहोचे व्हर्नन स्पीअर यांनीही हीच वाट धरली. ज्या पुंगळीची दुसरी खेप होऊच शकत नव्हती, तिला या माणसांनी गोळीचा अंगरखा करून पुन्हा कामाला लावलं. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडलेली युक्ती हीच. १९५८ मध्ये रिचर्ड ली यांनी विस्कॉन्सिनमध्ये लाकडी हातोडीने ठोकून चालवायचा छोटा संच काढला. त्यामुळे ज्याला प्रेस परवडत नाही त्यालाही हे काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर करता येऊ लागलं.

आपल्याकडे ही परंपरा उभी राहिली नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे बॉक्सरच्या शोधाच्या मागोमागचा. पण काडतूस करणं हे इथे सरकारचं काम राहिलं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे.

तिकडे अमेरिकेत घरोघरी डबे भरून ठेवण्याची सवय वाढली ती टंचाईमुळे. २०२० मध्ये कोविडच्या साथीच्या भीतीने काडतुसांची मागणी उसळली. त्याच वर्षी बंदुका आणि काडतुसं बनवणारी रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिचा आर्कान्सामधला काडतूस कारखाना व्हिस्टा आउटडोअरने घेतला. लोकांकडे प्रेस होते, डाय होते, शिसं ओतता येत होतं, पुंगळ्या पोत्यांनी होत्या. प्राइमर मात्र घरी बनत नाही, तो कारखान्यातूनच यावा लागतो, आणि दुकानांत तो महिनोन्‌महिने मिळेना. ज्यांनी आधी पेट्या भरून ठेवल्या होत्या त्यांचं काम चालू राहिलं. बाकीच्यांनी माल येताच गरजेच्या कैक पट उचलला, आणि टंचाई आणखी लांबली.