‘तीन पाण्यांतून काढणे’ : नदीकाठच्या धुण्यापासून समोरून भरण्याच्या धुलाईयंत्रापर्यंत

प्रस्तावना

शहापूर तालुक्यातील वाशिंद हे भातसा नदीच्या परिसरातील गाव होय. कल्याणहून पुढे निघालेला लोहमार्ग १८५५ मध्ये वाशिंदपर्यंत पोहोचला. पुढे याच तालुक्यातून मुंबईला पाणी जाऊ लागले. १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर आणि १९८० च्या दशकात भातसा असे हे टप्पे आहेत. आज मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी एकट्या भातसेचे आहे. ते धरणातून नदीपात्रात सोडले जाते व पिसे येथील बंधाऱ्याजवळ उचलले जाते. दुसरीकडे, याच तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असतात. त्यामुळे कपडे किती पाण्यात निघावेत, हा प्रश्न येथे केवळ गृहव्यवस्थेचा राहत नाही. प्रस्तुत लेखात कपडे खळबळण्याच्या पद्धतीत झालेल्या बदलांचा या दृष्टीने विचार केला आहे.

पारंपरिक पद्धत

नदीवरील धुण्यात कपडा दगडावर आपटून वाहत्या पाण्यात खळबळला जाई. तेथे पाण्याचे मोजमाप नव्हते. विहिरीवर किंवा घरच्या मोरीत मात्र प्रत्येक बादली शेंदावी वा वाहावी लागे. कपडे ‘दोन पाण्यांतून’ किंवा ‘तीन पाण्यांतून’ काढण्याची भाषा अशा मोजक्या पाण्याच्या व्यवहाराची आहे. प्रत्येक पाण्यानंतर कपडा पिळणे हा या रीतीचा अविभाज्य भाग होय. मुंबईतील महालक्ष्मीचा धोबीघाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. तेथेही दगड आणि हौद यांच्या रूपाने नदीकाठचीच रीत शहरात आली.

या रीतीमागील गणित सोपे आहे. समजा, पाच किलो कपड्यांत पिळल्यानंतर ४ लिटर साबणी पाणी उरले. त्यात ३६ लिटर स्वच्छ पाणी एकदम घातले, तर साबणाची तीव्रता मूळच्या १/१० होते. तेच पाणी १२ लिटरच्या तीन वाट्यांनी घालून प्रत्येक वेळी पिळले, तर ती १/६४ वर येते. मात्र कपडे नीट न पिळता त्यांत १२ लिटर पाणी राहू दिले, तर तीन वेळा खळबळूनही तीव्रता केवळ १/८ पर्यंत उतरते. म्हणजेच एकूण पाण्यापेक्षा पाण्याचे वाटे आणि मधली पिळणी यांना अधिक महत्त्व आहे.

यंत्राचे आगमन

समोरून कपडे भरण्याचे घरगुती स्वयंचलित यंत्र अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९३७ मध्ये बाजारात आणले. भारतात घरगुती धुलाईयंत्रांचा प्रसार १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वाढला. सुरुवातीस दोन टाक्यांची अर्धस्वयंचलित यंत्रे अधिक खपली. वरून भरण्याच्या यंत्रात कपडे तरंगावे लागतात, म्हणून पाणी भरपूर लागते. आडव्या पिंपाच्या यंत्रात पाणी केवळ तळाशी असते. पिंपातील उंचवटे कपडे वर नेऊन खाली आपटतात. पाण्याची पातळी दाबावर चालणारा स्विच ठरवितो. पाणी चढले की अरुंद नळीतील हवा दाबली जाते आणि ठराविक दाबाला पाण्याची झडप बंद होते.

ही पातळी किती ठेवावी, हा वादाचा विषय ठरला. ती फार कमी ठेवल्यास सर्व पाणी सुती कपडेच शोषून घेतात. मोकळे पाणी उरत नाही आणि वरील गणितात गृहीत धरलेले मिश्रण होत नाही. हातधुण्याची जास्त फेसाची पावडर वापरल्यास फेसामुळे पिंपाची गती अडते व पिळणीही अपुरी राहते.

युरोपीय संघाच्या १९९५ च्या ऊर्जालेबलात धुलाई व पिळणी यांना श्रेणी होती; खळबळण्याला नव्हती. कंपन्यांना वीज व पाणी कमी करण्याचे कारण मिळाले, पण कपड्यांत उरणाऱ्या साबणाला मर्यादा राहिली नाही. २०२१ पासून तेथे ही उणीव भरून काढण्यात आली. कपड्यांच्या प्रत्येक किलोमागे उरणाऱ्या साबणी अंशाला आता ५ ग्रॅमची मर्यादा आहे.

निष्कर्ष

पाण्याची पातळी कमी करणे म्हणजे आपोआप पाण्याची बचत नव्हे. यंत्रातून निघालेले कपडे साबणट लागले, तर ते पुन्हा नळाखाली धरले जातात आणि वाचविलेले पाणी तेथेच खर्च होते. कपडे पुरते भिजतील इतके पाणी, त्याचे अनेक वाटे आणि प्रत्येक वाट्यानंतर घट्ट पिळणी ही मोरीतली जुनी त्रिसूत्री यंत्रालाही चुकलेली नाही. यंत्राची निवड करताना पाण्याच्या आकड्याबरोबर खळबळण्याच्या फेऱ्याही पाहिल्या पाहिजेत. पाणी देणाऱ्या आणि तरीही टँकरची वाट पाहणाऱ्या शहापूर तालुक्याच्या दृष्टीने ही दक्षता विशेष अगत्याची आहे.