घर घेण्यापूर्वीचा हिशेब : मुंबईच्या कामगारांची सव्वाशे वर्षे



घर कसे घ्यावे या विषयावर बोलावयाचे तर एखादा वास्तुशिल्पी बोलवावा, नाही तर बँकेचा अधिकारी. कामगार संघटनेचे काम करणारा माणूस येथे काय सांगणार, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात आली असेल. ती स्वाभाविक आहे. परंतु निवृत्तीच्या वेळी प्रॉव्हिडंट फंडाचा आणि ग्रॅच्युइटीचा पैसा हाती आला की कामगार पुष्कळ वेळा प्रथम संघटनेच्या कचेरीत येतो. पिशवीत तीनचार रंगीत माहितीपत्रके असतात. ती टेबलावर पसरून तो विचारतो, "यांतले कोणते घेऊ?" आम्ही त्याला उलट विचारतो, "घरात माणसे किती? कोण कोठे कामाला जाते? हप्ता कोणाच्या पगारातून जाणार, आणि तो पगार थांबला तर काय?" तो जरासा हिरमुसतो. त्याला उत्तर हवे असते आणि आम्ही त्याला प्रश्न देतो.

हे प्रश्न आमच्या डोक्यातून निघालेले नाहीत. शाळेत आमचे शिक्षण बेताचेच झाले. पुढे जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात आणि संघटनेच्या कपाटातील जुन्या अहवालांत. त्या अहवालांत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली. मुंबईच्या कामगाराला घर किती लागते, कसे लागते, याचा हिशेब शंभर वर्षे इतरांनी केला. ज्याला राहावयाचे त्याला क्वचितच कोणी विचारले. त्याचे परिणाम काय झाले, तेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रारंभ १८९६ च्या प्लेगपासून करू. मांडवी भागात साथ सुरू झाली, माणसे पटापट मेली, हजारो लोक शहर सोडून पळाले, आणि गिरण्या ओस पडतील की काय अशी धास्ती मालकांना व सरकारला वाटू लागली. १८९८ साली कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. शहराला हवा मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्यांच्या खोल्या पाडल्या त्यांतील पुष्कळांना दादरचे नवे प्लॉट परवडणारे नव्हते. ते शेजारच्या चाळींत जाऊन आणखी दाटीने राहू लागले. १९११ च्या शिरगणतीत मुंबईची दोन-तृतीयांशाहून अधिक वस्ती एकाच खोलीच्या बिऱ्हाडांत राहताना आढळली.

एका खोलीत म्हणजे कसे, हे १९२२ साली एका स्त्री डॉक्टरने पाहून नोंदविले आहे. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर सुमारे पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी एक खोली. तीत सहा चुली. सहा चुली म्हणजे सहा कुटुंबे. मुले धरून माणसे तीस. ती बाई डॉक्टर होती म्हणून तिने चुली मोजल्या. नुसता इंजिनियर असता तर चौरस फूट मोजून परत गेला असता, असे आम्हांस नेहमी वाटते.

आता पुष्कळांना प्रश्न पडतो की हे लोक असे का राहिले? केवळ दारिद्र्य हे त्याचे पुरते उत्तर नाही. रत्नागिरीचा, साताऱ्याचा गडी मुंबईत आला तो घर करावयास आलाच नव्हता. त्याचे घर गावी होते. तेथे बायको होती, आईबाप होते, पावलीभर का होईना जमीन होती. मुंबईत त्याला हवी होती ट्रंक ठेवावयास जागा, गिरणीच्या भोंग्याला पोचता येईल इतके अंतर, आणि आजारी पडला तर विचारपूस करणारी गावची माणसे. म्हणून एका गावच्या मंडळींनी मिळून खोली घ्यावयाची, भाडे वाटून द्यावयाचे, दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीच्याने त्याच जागी पाठ टेकावयाची, जेवण खानावळीत, आणि उन्हाळ्यात गॅलरीत नाही तर फूटपाथवर झोप. या व्यवस्थेचे कौतुक करण्याचा आमचा हेतू नाही. तीत क्षय होता, ढेकूण होते, आणि खानावळ चालविणाऱ्या बाईचे कष्ट तर कोणी मोजलेच नाहीत. परंतु तीत एक हिशेब होता आणि तो राहणाऱ्याचा स्वतःचा होता.

सरकारचा हिशेब निराळा. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. त्याच्याच आद्याक्षरांवरून आपण आजही बीडीडी चाळी म्हणतो. संकल्प पन्नास हजार खोल्यांचा. पैसा उभा करण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया पट्टी बसविली. प्रत्यक्षात सुमारे सोळा हजार खोल्यांवर काम थांबले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी. त्यांपैकी १२१ एकट्या वरळीला. खोली साधारण १६० चौरस फुटांची, बांधकाम सिमेंट काँक्रीटचे, भक्कम. शंभर वर्षे टिकले, यावरून काय ते समजावे.

आणि एवढ्या भक्कम चाळी, घरासाठी माणसे तडफडत असलेल्या शहरात, कित्येक वर्षे रिकाम्या पडल्या! वरळीला तर विशेष. भाडे खर्चाच्या मानाने ठरविले ते कामगाराला झेपेना. पुढे कमी करावे लागले. बाजार जवळ नाही, रस्ते धड नाहीत, पावसाळ्यात चिखल. उधारीवर धान्य देणारा ओळखीचा वाणी जुन्या वस्तीत राहिला. महिनाअखेर उसने पैसे देणारा गाववाला तेथेच राहिला. कागदावर घर जुन्या खोलीहून चांगले होते; घराभोवतीचे जे घर असते ते तेथे नव्हते. १९३० च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या चाळींचा सरकारने तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग केला. कामगारांसाठी बांधलेली इमारत सत्याग्रहींना कोंडावयास उपयोगी पडली, यावर आणखी भाष्य नको. पुढे रस्ते झाले, बाजार भरला, शाळा आली, आणि त्याच चाळी माणसांनी फुलून गेल्या. इमारत तीच होती.

गिरणीमालकांनीही काही चाळी बांधल्या. त्यांचे भाडे माफक असे. तरी कामगार तेथे जावयास बिचकत. कारण काम सुटले की खोली सुटली आणि संप झाला की बिऱ्हाड रस्त्यावर, ही भीती. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. अशा संपात जो मालकाच्या खोलीत राहतो त्याची मान दोन्ही बाजूंनी अडकते. येथे कामगार भाड्याच्या आकड्याकडे पाहत नव्हता. संकटाच्या दिवशी हे छप्पर कोणाच्या हातात असेल ते पाहत होता. आमच्या समजुतीने घर घेणाऱ्याने विचारावयाचा पहिला प्रश्न हाच आहे. चौरस फूट त्याच्यानंतर.

आता 'घेणे' या शब्दाकडे वळू. घर घेतले असे आपण सरसकट म्हणतो, पण प्रत्येक काळात माणसाने घेतले काय, ते वेगळे आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी बांधली गेली आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येईना. त्यातून पगडी वाढली. पगडी देऊन घेणाऱ्याने इमारत घेतली नाही, जमीन घेतली नाही; त्याने घेतला राहण्याचा हक्क. कायद्याने ती देवघेव निषिद्ध होती तरी उघड चालत असे, आणि अखेर १९९९ च्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली. भाडे थोडे म्हणून मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरू म्हणे इमारत माझी नाही, आणि तुळया कुजत राहिल्या. १९६९ साली सरकारला जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढावे लागले ते यामुळे.

दुसरी वाट सहकाराची. गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली सहकारी गृहसंस्था काढली. रावबहादूर तालमकी हे त्या कामातले प्रमुख नाव. तेथे जमीन व इमारत संस्थेची, सभासदाकडे भागाचे प्रमाणपत्र. पण संस्था काढावयास आरंभी भांडवल लागते, नियमित पगार लागतो, सभेचे इतिवृत्त लिहिणारा माणूस लागतो. कारकून, शिक्षक यांना ते जमले. बदली कामगाराला उद्या काम मिळेल की नाही हेच ठाऊक नसे. तो कसचा भाग घेतो! त्याच्यासाठी १९५२ साली केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांच्या घरांना साहाय्य देण्याची योजना आखली आणि हाउसिंग बोर्डाच्या वसाहती उभ्या राहिल्या. ते काम चांगले होते. अपुरे होते इतकेच.

तिसरी वाट आजची, मालकी फ्लॅटची. बिल्डरला पैसे द्यावयाचे, चावी घ्यावयाची. यात इतकी फसवणूक झाली की १९६३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला : नोंदणी केलेला लेखी करार झाल्याशिवाय किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ नये, आणि जमिनीचे हस्तांतर राहणाऱ्यांच्या संस्थेकडे करून द्यावे. पहिले थोडे पाळले गेले. दुसरे इतके टाळले गेले की २००८ साली बिल्डरच्या सहीवाचून मानीव हस्तांतराची तरतूद करावी लागली. म्हणजे पंचेचाळीस वर्षे हजारो कुटुंबे 'आमचे घर' म्हणत होती आणि घराखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर होती. २०१६ च्या रेरा कायद्याने ती वीस टक्क्यांची मर्यादा दहावर आणली आणि कार्पेट एरियाची व्याख्या बांधून दिली. तोवर जिन्याचा, गच्चीचा, भिंतींचा वाटा मिसळून सहाशे फुटांचे घर नऊशेचे म्हणून विकले जात असे. आपल्या शहरातही हा कायदा लागू आहे. प्रकल्पाची नोंदणी, मंजूर नकाशा, पुरे होण्याची तारीख हे सर्व पाहावयास मिळते. संघटनेच्या कचेरीत येणाऱ्या दहांपैकी आठजणांनी नमुना-फ्लॅटमधला पलंग पाहिलेला असतो, हे कागद नव्हे. नमुना-फ्लॅटमधले कपाट बहुधा दीड फूटच खोल असते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

१९८२ च्या १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसे. त्यात कोण किती टिकला याचा एक धागा घराकडे जातो. ज्याचे गावी छप्पर आणि थोडे शेत होते, तो बायकापोरांना घेऊन गावी गेला आणि तग धरून राहिला. ज्याने गावचे सारे विकून मुंबईतच सर्व मांडले होते, त्याच्या घरातील बायकांनी धुणीभांडी धरली, भाजी विकली आणि खोली राखली. त्या वेळी बहुसंख्यांच्या डोक्यावर घरकर्ज नव्हते. आज वीस वर्षांचा हप्ता बारा महिन्यांच्या कंत्राटी नोकरीवर बांधणारे तरुण आमच्याकडे येतात. नोकरी गेल्यास किती महिने हप्ता भरता येईल, असे विचारले तर म्हणतात, "साहेब, तसे काही होणार नाही." आम्ही साहेब नाही, हे त्यांना सांगतो, पण मुद्दा तसाच राहतो.

गिरण्या गेल्या, जमिनी राहिल्या. १९९१ च्या नियमाने त्या जमिनींचा एक-तृतीयांश म्हाडाकडे घरांसाठी यावयाचा होता. २००१ च्या बदलाने तो वाटा केवळ मोकळ्या जमिनीपुरता उरला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. घरासाठी अर्ज करणारे गिरणी कामगार व त्यांचे वारस दीड लाखांच्या आसपास, आणि २०१२ च्या सोडतीत घरे ६,९२५. प्रत्येक २२५ चौरस फुटांचे, किंमत साडेसात लाख. सोडतीत नाव आले की पेढे वाटले जात. पुढे २०१६ साली पनवेलजवळ कोन येथील घरांचीही सोडत झाली. ज्याचा मुलगा परळला कामाला, सून दादरला, त्याने कोनला राहावयाचे कसे? पण नाही म्हणावे तर पुन्हा नंबर लागेल याची खात्री नाही. त्यातच कोविडच्या साथीत ती घरे विलगीकरणासाठी वापरली गेली आणि ताबा लांबला. निवड नावाची वस्तू त्या माणसापुढे ठेवलेलीच नव्हती. म्हणून घर घेणाऱ्याला 'नीट विचार करून घ्या' असा उपदेश करणारांनी, ज्याला एकच चिठ्ठी निघते त्याच्या बाबतीत आवाज थोडा खाली ठेवावा.

आणि ज्याच्यापुढे दोनतीन वाटा खरोखर आहेत, त्याने बीडीडीच्या चाळींकडे आज पुन्हा पाहावे. त्यांचा पुनर्विकास चालू आहे. १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० फुटांचे मालकीचे घर. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांनी का होईना, राहणाऱ्याला मालकी मिळाली, याचा आम्हांस आनंद आहे. त्या घरांना आता लिफ्ट आहे, पंप आहे, पहारेकरी आहे. चाळीत दार उघडे टाकून शेजारणीकडे मूल ठेवून कामावर जाणारी बाई उंच मजल्यावर ते मूल कोणाकडे ठेवते, आणि निवृत्त माणसाच्या पेन्शनमधून इमारतीच्या देखभालीची वर्गणी दरमहा कशी जाते, हे दोन प्रश्न आम्ही तेथील मंडळींना विचारावयाचे ठरविले आहे. कचेरीत पुढचा माणूस माहितीपत्रके घेऊन येईल, तेव्हा त्याला दाखवावयास ती उत्तरे हवीत.