वॉरक्राफ्टमधील मेज : नवख्यांसाठी

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या २०१९ सालच्या ‘क्लासिक’ आवृत्तीत मेज, म्हणजे मंत्रांनी लढणारा जादूगार, कापडी वस्त्रांखेरीज कोणतेही चिलखत घालू शकत नाही. शत्रूपासून राखलेले अंतर हीच त्याची ढाल. अग्निमंत्रांची भुरळ नवख्यांना हमखास पडते. तरी आरंभी हिमविद्याच श्रेयस्कर. चौथ्या पातळीवर मिळणारा ‘फ्रॉस्टबोल्ट’ शत्रूची चाल मंदावतो, दहाव्या पातळीवरचा ‘फ्रॉस्ट नोव्हा’ त्याला जागीच खिळवतो. शत्रू खिळला की आधी मागे सरावे, मगच मारा करावा.

मंत्रशक्ती, म्हणजे ‘माना’, निम्म्यावर आलेली असताना दुसरी झुंज अंगावर घेणे हे बहुतेक अकाली मृत्यूंचे कारण. २०२३पासूनच्या ‘हार्डकोर’ सर्व्हरांवर तर मृत पात्र पुन्हा उठत नाही. महिन्यांची मेहनत क्षणात जाते. म्हणून प्रत्येक झुंजीनंतर बसून मंत्राने निर्मिलेले पाणी प्यावे, कंटाळवाणे वाटले तरी.

गटात ‘पॉलिमॉर्फ’ने मेंढी केलेला शत्रू जरासा मारही लागताच मूळ रूपात येतो, शिवाय दरम्यान त्याच्या जखमा भरून निघालेल्या असतात. स्वतःच्याच ‘फ्रॉस्ट नोव्हा’ने मेंढी उठवणारे मेज काही कमी नाहीत. सोबत्यांसाठीचे पाणी मात्र त्यांनी मागण्याआधीच तयार असावे.