चाड्यावरची मूठ : दख्खनच्या पेरणीतील बियाण्याचे माप

दख्खनच्या पठारावरील कोरडवाहू शेतीत बियाणे साठवणे, मोजणे, शेतापर्यंत नेणे आणि जमिनीत सोडणे या चार कामांसाठी शेकडो वर्षे जी साधने वापरली गेली, त्यांत सर्वांत महत्त्वाचे साधन पाभर हे होय. पाभर म्हणजे ओळीने पेरणी करण्याचे बैलांचे औत. त्याला तीन फण असल्यास तिफण आणि दोन असल्यास दुफण म्हणतात. बाभळीच्या लाकडाच्या जाड आडव्या ओंडक्यात, म्हणजे दिंडात, हे फण बसवलेले असतात, त्यांच्या टोकांना लोखंडी फारोळे असतात आणि प्रत्येक फणामागील भोकात बांबूचा एक नळा उतरलेला असतो. हे सर्व नळे वर एकत्र येऊन एका लाकडी वाडग्याच्या बुडाला मिळतात. या वाडग्याला चाडे म्हणतात. त्याच्या बुडाला फणांइतकीच भोके असतात, त्यामुळे चाड्यात सोडलेले बी सर्व नळ्यांत वाटले जाऊन फणाने उघडलेल्या तासात पडते.

या रचनेत बियाणे मोजणारा कोणताही यांत्रिक भाग नाही, आणि पाभरीच्या इतिहासातील कळीची गोष्ट हीच आहे. एक माणूस बैल हाकतो, दुसरा चाड्यावर मूठ धरून चालतो, आणि एकरी किती बी पडणार हे त्या मुठीतून दाणे सुटण्याच्या वेगावर ठरते. बाजरीचे बियाणे हेक्टरी तीन ते चार किलो पुरते, रब्बी ज्वारीचे सुमारे दहा किलो लागते, तर गव्हाचे शंभर किलोपर्यंत जाते. म्हणजे पंचवीस पटींहून अधिक फरकाची मात्रा एकाच प्रकारच्या चाड्यातून केवळ बोटांच्या आवळण्या-सोडण्याने साधली जात असे. बैल रेंगाळले तर मूठ आवळावी लागे, उताराला वेग वाढला तर सैल करावी लागे, आणि दाणे चाड्याच्या मध्यावर फिरते सोडले नाहीत तर एका नळ्यात बी जास्त आणि दुसऱ्यात कमी जाई. ओल्या मातीने एखादा नळा तुंबला तर ती चूक त्या दिवशी दिसत नसे. आठवड्याने कोंब वर आल्यावर एक ओळ रिकामी दिसे आणि नांग्या भरण्याचे, म्हणजे मोकळ्या जागी पुन्हा बी लावण्याचे, काम वाढे. त्यामुळे चाड्यावर घरातील जाणते माणूसच चाले आणि पुष्कळ ठिकाणी ही जबाबदारी ओटीत बी घेऊन चालणाऱ्या स्त्रीकडे असे. शेतीच्या इतिहासात नांगरणाऱ्या पुरुषाची जेवढी नोंद झाली, तेवढी या स्त्रीची झाली नाही. प्रत्यक्षात शेतात रोपांची दाटी किती राहील हे तिच्या हातावर अवलंबून असे.

मिश्र पिकासाठी याच औताला आणखी एक जोड होती. ज्वारी-बाजरीच्या ओळींमध्ये तूर घ्यावयाची असल्यास चाड्यातील एक भोक बुजवून त्या फणामागे दोरीने बांधलेला सुटा नळा, म्हणजे मोघा, चालवीत आणि त्यातून तुरीचे दाणे वेगळ्या माणसाच्या हातून पडत. सरकी पेरताना अडचण निराळी होती. तिच्या अंगावरील तंतूंमुळे ती नळ्यात अडकते, म्हणून शेण आणि मातीच्या काल्यात चोळून, वाळवून तिचे दाणे सुटे करून घेत. दोन तासांमधील अंतर दिंडातच ठरलेले असल्यामुळे सधन शेतकऱ्याकडे खरिपाची आणि रब्बीची पाभर वेगवेगळी असे. रब्बीची पाभर जड असण्याचे कारण स्पष्ट आहे : पावसाळा सरल्यावर काळ्या जमिनीचा वरचा थर सुकतो, ओल खाली राहते, आणि बी त्या ओलीपर्यंत पोहोचले नाही तर ते उगवत नाही. हाताने फेकलेल्या बियाण्याला हे साधत नाही. कोकणात भाताची रोपे तयार करून लावणी करण्याची रीत असल्याने तेथे पाभरीची गरज भासली नाही.

नळ्यातून पेरणी करण्याची कल्पना जगात अनेक ठिकाणी फार जुनी आहे. मेसोपोटेमियातील प्राचीन मुद्रांवर बी सोडण्याचा नळा जोडलेला नांगर कोरलेला आढळतो आणि चीनमध्ये हान राजवटीच्या काळात नळ्यांचे पेरणीचे औत वापरात होते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, कानडा प्रदेशात, फाळाच्या पोकळीतून भाताचे बी पाण्याखालच्या चिखलात सोडले जात असल्याचे पोर्तुगीज लेखक दुआर्त बार्बोझा याने सोळाव्या शतकाच्या आरंभी नोंदवले आहे. इंग्लंडमध्ये जेथ्रो टलने 1701 च्या सुमारास पेरणीयंत्र तयार केले. कॅप्टन थॉमस हॅलकॉट या इंग्रज अधिकाऱ्याने 1795 मध्ये दक्षिण भारतातील पेरणीच्या औताविषयी लिहिताना, हे साधन युरोपातील आधुनिक शोध असल्याचा आपला समज येथील शेत पाहून दूर झाल्याचे मान्य केले. त्याचे हे टिपण धरमपाल यांनी 1971 मध्ये अठराव्या शतकातील भारतीय विज्ञान व तंत्रज्ञानावरील आपल्या ग्रंथात पुन्हा प्रकाशात आणले. तरीही दोन्ही औतांतील फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. टलच्या यंत्रात चाकाबरोबर फिरणारा खाचांचा दांडा बी मोजून खाली सोडत असे, तर पाभरीत ते काम हाताकडे राहिले. हे पाभरीचे मागासलेपण मानण्याचे कारण नाही. ज्या गावातील सुतार बाभूळ, बांबू आणि थोड्या लोखंडातून औत घडवीत असे आणि त्याबद्दल सुगीला बलुते घेत असे, त्या गावाला स्वतःच दुरुस्त करता येईल असेच साधन परवडणारे होते.

शेतात मूठ जे ठरवी, ते घरात आणि बाजारात माप ठरवीत असे. सुगीला निवडलेली टपोरी कणसे आढ्याला टांगत, किंवा बियाणे राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात घोळून मडक्यांच्या उतरंडीत ठेवीत व तोंडे शेणमातीने लिंपून टाकीत. खाण्याच्या धान्यासाठी बांबूची कणगी, भिंतीतील बळद आणि जमिनीखालील पेव ही वेगळी सोय असे. पेरणीच्या दिवशी यातून जे बी काढले जाई ते तागडीवर तोललेले नसून मापाने मोजलेले असे. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर अशी चढती मापे होती. चार शेरांची पायली, पुढे मण आणि वीस मणांची खंडी. मणाच्या पायल्या मात्र कोठे बारा तर कोठे सोळा असत, शेराचा आकार तालुक्यागणिक बदले आणि पायलीभर गव्हाचे व पायलीभर करडईचे वजन तर कधीच सारखे नसे. त्यात माप सपाट करून द्यायचे की वर शीग राखून, म्हणजे दाण्यांचा उंचवटा ठेवून, हा प्रश्न उरतच असे.

या शिगेला एरवी फारसे महत्त्व आले नसते, पण दुष्काळानंतरच्या मृगात बियाण्याची मडकी रिकामी असणाऱ्या कुटुंबाला ते सावकाराकडून उसने आणावे लागे. सुगीला परतफेड करताना सव्वा पट किंवा दीडपट धान्य देण्याच्या या व्यवहाराला वाढीदिढी म्हणत. देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे माप एकाच माणसाच्या घरात असले की कर्जाचा खरा दर कागदावर दिसत नाही. शिवाजी महाराजांनी 5 सप्टेंबर 1676 रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेल्या पत्रात, ज्या कुळाकडे बैल आणि दाणे नाहीत त्याला ते पुरवावेत व परतफेड वाढीदिढी न लावता, केवळ मुद्दल, त्याला झेपेल तशी हळूहळू घ्यावी असा आदेश आहे. बियाणे आणि धान्य यांची टंचाई ही राज्याच्या महसुलाचीच टंचाई आहे, ही समज या पत्रामागे दिसते, आणि दख्खनच्या शेतीविषयक कागदपत्रांत या पत्राचे स्थान फार वरचे मानले पाहिजे.

ब्रिटिश अमदानीत ही समज टिकली नाही. रोख सारा आणि कर्जरोखे यांच्या कचाट्यातून 1875 मध्ये सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले, त्यांत सावकारांकडील रोखे जाळले गेले. पुढे 1884 च्या शेतकरी कर्ज कायद्याने बियाणे आणि बैल यांसाठी सरकारी तगाईची तरतूद केली. मापांचा प्रश्न त्याहून बराच काळ रेंगाळला. मुंबई प्रांताने 1932 मध्ये वजनमापांचा कायदा केला, आणि स्वातंत्र्यानंतर 1956 च्या कायद्यानुसार 1958 पासून टप्प्याटप्प्याने दशमान पद्धत लागू होऊन 1962 मध्ये ती सर्वत्र सक्तीची झाली. त्यानंतरही गावोगावच्या बोलण्यात पायली टिकून राहिली.

त्याच सुमारास बियाण्याचे स्वरूपच बदलले. संकरित ज्वारीचे सीएसएच-1 हे वाण 1964 मध्ये प्रसारित झाले, बियाणे कायदा 1966 मध्ये आला आणि अकोल्याचे महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ, म्हणजे महाबीज, 1976 मध्ये स्थापन झाले. जालना हे खासगी बियाणे उद्योगाचे केंद्र बनले. संकरित पिकाचे दाणे पुढील वर्षी पेरल्यास मूळ गुण टिकत नाहीत, त्यामुळे उतरंडीतील बी मागे पडले आणि एकरी मात्रा कारखान्यातच पिशवीत भरून येऊ लागली. बीटी कपाशीचे वाण 2002 मध्ये मंजूर झाल्यानंतर एका एकरासाठी 450 ग्रॅमचे पाकीट आणि सोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाणे अशी विक्री रूढ झाली. इतके महाग बी चाड्यातून सोडणे परवडत नाही. ते टोकले जाते, म्हणजे ठरावीक अंतरावर बोटांनी एक-दोन दाणे मातीत ठेवले जातात. हे टोकणीचे कामही मुख्यतः स्त्रियाच करतात.

आजच्या ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात बियाण्याच्या पेटीखाली खाचांचे रूळ किंवा चकत्या असतात आणि जमिनीवर फिरणाऱ्या चाकाकडून त्यांना गती मिळते, त्यामुळे वेग बदलला तरी दर मीटरला पडणारे बी साधारण सारखे राहते. तथापि दाण्याचा आकार वाणागणिक बदलत असल्याने पेरणीपूर्वी यंत्र जुळवून घ्यावे लागते : चाकाचा परीघ आणि यंत्राची रुंदी यांवरून ठरावीक क्षेत्रात चाकाचे किती फेरे होतात ते काढायचे, यंत्र उचलून चाक तितके वेळा फिरवायचे, नळ्यांखाली बांधलेल्या पिशव्यांतील बी तोलायचे आणि शिफारशीपेक्षा ते कमी-जास्त भरले तर रुळाची उघडीप बदलायची. ही तपासणी अर्ध्या तासात होते, आणि ती न करता पेरणीला सुरुवात करणे म्हणजे पाभरीवर नवशिक्या हाताला चालवण्याइतकेच बियाण्याचे नुकसान ओढवून घेणे होय.