मुंबई बंदरातील मूषकनियंत्रण
बंदरातील उंदीर व त्यांच्यामार्फत पसरणारे रोग रोखण्याची व्यवस्था. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या गोदीलगत, धान्याच्या वखारींनी गजबजलेल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. हाँगकाँगहून जहाजांतून तो आला असावा, असे मानले जाते. घरोघर झडत्या, सक्तीचे विलगीकरण यांनी लोक भयंकर पोळले. खरा वाहक मात्र धान्याच्या पोत्यांआड मोकळाच राहिला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरावरील पिसवांचा दुवा दाखवला. पुढे मुंबईतील प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी तो पक्का केला. उंदीर मेला की पिसवा माणसाकडे वळतात. म्हणून पिसवांचा बंदोबस्त न करता केवळ उंदीर मारणे धोक्याचे असते.

जहाजाच्या दोरांवर पत्र्याच्या गोल चकत्या बसवतात, म्हणजे उंदीर दोरावरून चढत-उतरत नाहीत. गोदामांत बिळे बुजवणे, सांडलेले धान्य उचलणे हाच टिकाऊ उपाय. विषारी आमिष व धुरी त्यानंतर. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम (२००५) यांनुसार जहाजांना स्वच्छता प्रमाणपत्र घ्यावे लागते. आज मुंबईत मोठी चिंता लेप्टोस्पायरोसिसची आहे. जुलै २००५ च्या महापुरानंतर तेथे त्याची मोठी साथ आली होती. उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून तो जखमेवाटे शरीरात शिरतो. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप आल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे.