अ‍ॅडव्हेंचर टाइम

अमेरिकी दूरचित्रवाणीवरील मुलांची अ‍ॅनिमेशन मालिका. निर्माते पेंडलटन वॉर्ड. कार्टून नेटवर्क वाहिनीवर ५ एप्रिल २०१० ते ३ सप्टेंबर २०१८ या काळात दहा पर्वांत तिचे २८३ भाग प्रसारित झाले. बहुतेक भाग अकरा मिनिटांचे आहेत. पर्वांची मोजणी सर्वत्र एकसारखी आढळत नाही, कारण वाहिनीने उत्तरार्धातील पर्वांची विभागणी नंतर बदलली. पहिली चार पर्वे प्रत्येकी २६ भागांची, तर पाचवे एकटेच ५२ भागांचे आहे.

मालिकेचा नायक फिन सुरुवातीला बारा वर्षांचा आहे आणि अखेरीस सतरा वर्षांचा. मुलांच्या दीर्घकाळ चालणाऱ्या कार्टूनमध्ये असे क्वचितच घडते. ‘डोरेमॉन’मधील नोबिता कितीही वर्षे झाली तरी प्राथमिक शाळेतच आहे आणि ‘द सिम्पसन्स’मधील बार्ट १९८९ पासून दहा वर्षांचाच राहिला आहे. ‘अ‍ॅडव्हेंचर टाइम’ने काळ थांबवला नाही. २०१० साली आठव्या वर्षी ती पाहू लागलेले मूल शेवटचा भाग पाहताना सोळा वर्षांचे झाले होते आणि पडद्यावरचा मुलगाही त्याच्या बरोबरीनेच मोठा झाला होता.

उगम : कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्स (कॅलआर्ट्स) येथे शिकलेल्या वॉर्ड यांनी फ्रेडरेटर स्टुडिओच्या ‘रँडम! कार्टून्स’ या उपक्रमासाठी याच नावाचा सुमारे सात मिनिटांचा लघुपट केला. तो जानेवारी २००७ मध्ये निकटून्स वाहिनीवर दाखवला गेला आणि इंटरनेटवर झपाट्याने पसरला. लघुपटातील मुलाचे नाव पेन होते. त्याच्या स्वप्नवत प्रसंगात मंगळावर अब्राहम लिंकन भेटतो. निकेलोडियनने मालिका करण्यास नकार दिल्यावर कार्टून नेटवर्कने ती घेतली. दरम्यान वॉर्ड त्याच वाहिनीच्या ‘द मार्व्हलस मिसअ‍ॅडव्हेंचर्स ऑफ फ्लॅपजॅक’ या मालिकेसाठी लेखन आणि स्टोरीबोर्डचे काम करत होते. पुढे सोबत आलेल्यांपैकी काही जण त्यांना तेथेच भेटले.

कथाविश्व : ‘ऊ’ नावाच्या भूमीत फिन हा मानवी मुलगा आणि जेक हा वाटेल तसे अंग ताणू शकणारा कुत्रा झाडातल्या घरात राहतात. दोघे एकमेकांना भाऊ मानतात. राक्षसांशी लढणे आणि संकटातल्यांना सोडवणे हा त्यांचा दिनक्रम. कँडी किंगडमवर वैज्ञानिक वृत्तीची राजकन्या बबलगम राज्य करते. मार्सलीन ही हजार वर्षांहून अधिक वयाची व्हॅम्पायर राणी बास गिटार वाजवते. आइस किंग नावाचा निळ्या कातडीचा, लांब दाढीचा म्हातारा राजकन्या पळवत असतो. पहिल्या पर्वात हा सगळा मामला खेळगड्यांनी अंगणात रचलेल्या गोष्टीसारखा सैल वाटतो.

पहिल्याच पर्वातील ‘बिझनेस टाइम’ या भागात हिमखंडात गोठलेली, सूट घातलेली माणसे सापडतात. ही भूमी म्हणजे महायुद्धाने उद्ध्वस्त झालेली आपलीच पृथ्वी, ही कल्पना याच भागाच्या सुमारास आपल्या मनात पक्की झाली, असे वॉर्ड यांनी सांगितले आहे. ‘मशरूम वॉर’ हे त्या युद्धाचे नाव. कथेच्या काळापूर्वी सुमारे हजार वर्षे ते झाले. मालिका कधी थांबून ते समजावून सांगत नाही. पार्श्वभूमीत गंजलेल्या मोटारी दिसतात, कोसळलेल्या इमारती दिसतात. ज्याचे लक्ष गेले त्याला कळते.

निर्मितीपद्धती : या मालिकेच्या प्रौढपणाचे मूळ तिच्या कामाच्या पद्धतीत शोधावे लागते. अनेक कार्टूनमध्ये आधी संपूर्ण संहिता लिहिली जाते आणि मग चित्रकार ती रेखाटतात. येथे लेखकांच्या बैठकीतून कथेचा छोटा आराखडा तयार होई आणि तो बहुधा दोन स्टोरीबोर्ड चित्रकारांच्या हाती दिला जाई. संवाद, विनोद, पात्रांचे हावभाव, शांततेची लांबी हे सारे चित्रकारच ठरवीत आणि पेन्सिलीने रेखाटलेल्या चौकटींत ते लिहिलेही जाई. त्यामुळे भागाभागाचा स्वर वेगळा होई आणि सराईत प्रेक्षकाला पहिल्या दोन मिनिटांत हात कोणाचा ते ओळखता येई. टॉम हर्पिक यांचे भाग संथ आणि चिंतनशील, जेसी मॉयनिहान यांचे गूढ, तर सोमविले झायाफोन यांचे कोरड्या, ओबडधोबड विनोदाचे. यांतील अनेक जण स्वतंत्र कॉमिक काढणाऱ्यांच्या वर्तुळातून आले होते आणि आपले खाजगी अनुभव चौकटींत उतरवण्याची सवय त्यांना आधीपासूनच होती. प्रत्यक्ष अ‍ॅनिमेशन दक्षिण कोरियातील सेरॉम आणि रफ ड्राफ्ट कोरिया या स्टुडिओंत होई.

पहिल्या पर्वात स्टोरीबोर्डच्या दुरुस्त्या करण्यासाठी आलेल्या रिबेका शुगर लवकरच पूर्ण भाग रेखाटू लागल्या आणि त्यासाठी गाणीही लिहू लागल्या. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात मार्सलीन आपल्या वडिलांनी आपले फ्राइज खाल्ल्याबद्दल गाणे म्हणते. विषय हास्यास्पद आहे, पण गाणे संपता संपता मुलीची वडिलांबद्दलची तक्रार खरी असल्याचे ऐकणाऱ्याला जाणवते. मार्सलीनचा आवाज ऑलिव्हिया ओल्सन यांचा आहे आणि तिच्या वडिलांचा आवाज त्यांचे प्रत्यक्षातील वडील मार्टिन ओल्सन यांचा. शुगर यांनी २०१३ मध्ये ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ ही स्वतःची मालिका सुरू केली. पॅट्रिक मॅकहेल यांची ‘ओव्हर द गार्डन वॉल’, इयान जोन्स-क्वार्टी यांची ‘ओके के.ओ.!’ आणि ज्युलिया पॉट यांची ‘समर कॅम्प आयलंड’ यांचाही उगम याच चमूत आहे. गेल्या दशकातील अमेरिकी अ‍ॅनिमेशनचा इतिहास या एका स्टुडिओच्या हजेरीपटावरून बराचसा लिहिता येईल.

पाचव्या पर्वाच्या काळात वॉर्ड मालिकेच्या प्रमुखपदावरून दूर झाले. कामाचा ताण खाजगी आयुष्य गिळू लागला होता, असे त्यांनी २०१४ मध्ये एका मुलाखतीत सांगितले. त्यानंतर अखेरपर्यंतची जबाबदारी अ‍ॅडम म्यूटो यांनी सांभाळली. मालिकेच्या गांभीर्याचे श्रेय बहुधा वॉर्ड यांनाच दिले जाते, परंतु तिचा बराच मोठा भाग म्यूटो यांच्या देखरेखीखाली झाला आहे.

फिनचे वाढणे : फिनला आवाज देणारे जेरेमी शाडा मालिका सुरू झाली तेव्हा तेरा वर्षांचे होते. लघुपटातील पेनचा आवाज त्यांचे थोरले भाऊ झॅक यांचा होता. थोड्याच काळात जेरेमी यांचा आवाज फुटला. अशा वेळी अनेक मालिका दुसरा लहान मुलगा आणतात किंवा लहान मुलाचा आवाज काढू शकणाऱ्या प्रौढ अभिनेत्रीकडे काम देतात. येथे तोच आवाज ठेवला आणि पात्राचे वय वाढू दिले. दुसऱ्या पर्वातील ‘मिस्टरी ट्रेन’मध्ये फिन तेरा वर्षांचा होतो. पहिल्या पर्वातील किनरा आवाज आणि दहाव्या पर्वातील खर्जातला आवाज लागोपाठ ऐकले तर ते एकाच मुलाचे आहेत हे क्षणभर पटत नाही.

वयाबरोबर त्याच्या चुकाही मोठ्या होतात. बबलगमवरचे त्याचे प्रेम एकतर्फी आहे आणि तिचा नकार मालिका कधीही विजयात बदलत नाही. ‘फ्रॉस्ट अँड फायर’ (२०१३) या भागात तो आपल्या स्वप्नांचा अर्थ कळावा म्हणून मैत्रीण फ्लेम प्रिन्सेस हिला फसवून आइस किंगशी लढवतो. ते उघड होताच ती नाते तोडते. नायक पूर्णपणे दोषी आहे, माफी मागूनही काही परत मिळत नाही आणि पुढचे अनेक भाग तो त्याच्या ओझ्याखाली वावरतो. ‘एस्केप फ्रॉम द सिटाडेल’ (२०१४) मध्ये ज्या वडिलांना शोधत तो विश्वाच्या टोकापर्यंत जातो ते मार्टिन बेजबाबदार आणि आपमतलबी निघतात. त्यांना जाण्यापासून रोखताना फिनचा उजवा हात तुटतो. लहानपणीच्या स्वप्नातला बाप आणि प्रत्यक्षातला बाप यांतली दरी मुलांच्या कार्यक्रमात इतक्या सरळपणे क्वचितच दाखवली गेली असेल. आई मिनर्व्हा हिची कथा २०१७ च्या ‘आयलंड्स’ या आठ भागांच्या लघुमालिकेत येते.

सायमन पेट्रिकोव्ह : आइस किंगचे पात्र या मालिकेची सर्वांत मोठी कामगिरी मानावे लागते. दीड-दोन वर्षे तो केवळ हसण्याचा विषय होता. डिसेंबर २०११ मधील ‘हॉली जॉली सीक्रेट्स’मध्ये फिन आणि जेक त्याच्या जुन्या चित्रफिती चोरून पाहतात. त्यांतून कळते की हा मूळचा सायमन पेट्रिकोव्ह, प्राचीन वस्तूंचा अभ्यासक. उत्तर स्कँडिनेव्हियात विकत घेतलेला मुकुट त्याने गमतीने डोक्यावर ठेवला आणि मुकुटाने त्याचे मन खाल्ले. वाग्दत्त वधू बेटी हिला तो लाडाने राजकन्या म्हणत असे. राजकन्या पळवण्याच्या खोडीचे कारण येथे उलगडते. आतापर्यंतचे सगळे विनोद प्रेक्षकाला मागे जाऊन पुन्हा पाहावे लागतात आणि ते आता पूर्वीसारखे हसवत नाहीत.

ऑक्टोबर २०१२ मधील ‘आय रिमेंबर यू’ या भागाचे स्टोरीबोर्ड कोल सँचेझ आणि रिबेका शुगर यांचे आहे. आइस किंग गाणे रचण्यासाठी मदत मागायला मार्सलीनकडे येतो. त्याच्या चोपडीतल्या कागदांमागे सायमनने शुद्धीवर असताना मार्सलीनसाठी लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. युद्धानंतर एकट्या पडलेल्या सात वर्षांच्या मार्सलीनला त्यानेच सांभाळले होते. तिच्या रक्षणासाठी मुकुटाची शक्ती वापरली की दर वेळी त्याचे थोडे मन जाई. त्याने आधीच क्षमा मागून ठेवली आहे. मार्सलीन त्या ओळी रडत गाते, आणि तो त्या गाण्याच्या ओळी समजून खुशीत वाजवत राहतो. खलनायक नाही, लढाई नाही, उपाय नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताशी वागण्याचा अनुभव अनेक प्रेक्षकांनी या भागाशी जोडला. पुढच्या वर्षीच्या ‘सायमन अँड मार्सी’मध्ये या दोघांचे ते जुने दिवस दाखवले आहेत.

हीच रीत इतरत्रही दिसते. लघुपटातला मंगळावरचा लिंकन ही निव्वळ गंमत होती. ‘सन्स ऑफ मार्स’ (२०१२) मध्ये तो मंगळाचा राजा म्हणून परततो आणि जेकला मृत्यूतून सोडवण्यासाठी स्वतःचे अमरत्व देऊन टाकतो. नवे गंभीर प्रसंग बाहेरून जोडण्यापेक्षा जुन्या गमतींच्या तळाशी काय होते ते दाखवणे मालिकेने पसंत केले. त्यामुळे लहानपणी पाहिलेले भाग वाया गेले नाहीत; वाढलेल्या प्रेक्षकाला तेच भाग दुसऱ्यांदा पाहण्याचे कारण मिळाले.

बबलगम आणि मार्सलीन : ‘व्हॉट वॉज मिसिंग’ (२०११) या भागापासून या दोघींमध्ये पूर्वी प्रेमसंबंध होते का, याची चर्चा सुरू झाली. त्यावरचा स्टुडिओचा एक व्हिडिओ काढून घेण्यात आला. या काळात निर्मात्यांनी आणि कलाकारांनी केलेली विधाने परस्परांशी जुळत नाहीत. शेवटच्या भागात दोघी एकमेकींचे चुंबन घेतात. केनियाच्या चित्रपट वर्गीकरण मंडळाने २०१७ मध्ये समलैंगिकतेच्या चित्रणाचे कारण देऊन बंदी घातलेल्या सहा कार्टूनांत या मालिकेचा समावेश होता.

संगीत : पार्श्वसंगीत केसी जेम्स बॅसिकिस आणि टिम कीफर यांचे.

पाहुणे दिग्दर्शक : डेव्हिड ओरायली (‘अ ग्लिच इज अ ग्लिच’, २०१३) आणि जपानचे मासाकी युआसा (‘फूड चेन’, २०१४).

पुरस्कार : २०१४ या वर्षासाठीचा पीबॉडी पुरस्कार. ‘जेक द ब्रिक’ (२०१५) आणि ‘इमॅजिनरी रिसोर्सेस’ (२०१७) या भागांना लघु अ‍ॅनिमेशन कार्यक्रमासाठीचे एमी.

अखेर आणि नंतर : मालिका संपवण्याचा निर्णय वाहिनीने सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर केला. ‘कम अलाँग विथ मी’ हा चौपट लांबीचा शेवटचा भाग हजार वर्षांनंतरच्या काळात सुरू होतो. शर्मी आणि बेथ या दोन मुलांना फिनचा यांत्रिक हात सापडतो आणि म्हातारा झालेला बीमो हा गेम-यंत्ररूपी सोबती त्यांना जुनी कथा सांगतो. बेटी स्वतःचा बळी देते आणि सायमन मुकुटातून मुक्त होतो.

एचबीओ मॅक्सवरील ‘डिस्टंट लँड्स’ (२०२०–२१) या चार विशेष भागांपैकी ‘टुगेदर अगेन’मध्ये फिन म्हातारा होऊन मरण पावला आहे आणि मृत्यूनंतरच्या जगात जेकला शोधतो आहे. ३१ ऑगस्ट २०२३ पासून आलेली ‘फिओना अँड केक’ ही तर उघडपणे मोठ्या झालेल्या प्रेक्षकांसाठी आहे. मूळची ही दोन पात्रे नताशा अलेग्री यांच्या रेखाटनांतली. २०११ च्या एका भागात ती आइस किंगने लिहिलेल्या कथेतील नायिका म्हणून आली. नव्या मालिकेत फिओना नोकऱ्या टिकवू न शकणारी शहरी तरुणी आहे. शुद्धीवर आलेला सायमन मात्र आपल्या काळापासून तुटलेला, बेटीच्या जाण्याने खचलेला आहे. बरे होणे ही त्याच्या गोष्टीची अखेर ठरत नाही. आठव्या वर्षी त्याच्या दाढीला हसलेली मुले एव्हाना विशीत पोहोचली होती.

२०२४ मध्ये ‘साइड क्वेस्ट्स’ ही लहान मुलांसाठीची नवी मालिका जाहीर झाली. तिच्यात फिन पुन्हा लहान आहे.

कॉमिक : बूम! स्टुडिओजच्या काबूम! शाखेतर्फे फेब्रुवारी २०१२ पासून. लेखक रायन नॉर्थ, चित्रे शेली पॅरोलिन आणि ब्रेडन लँब. २०१३ चा आयझनर पुरस्कार (मुलांसाठीचे सर्वोत्कृष्ट प्रकाशन).