कूपन कुठं आहे? जोडकार्डापासून दामदुप्पटपर्यंत

मंडळी, चाळिशी ओलांडलेल्यांना जोडकार्ड आठवत असेल. एकमेकांना जोडलेली दोन पोस्टकार्डं. एकावर आपला मजकूर, दुसरं कोरं, त्यावर आपलाच पत्ता. समोरच्यानं कोरं कार्ड फाडून उत्तर लिहायचं नि पेटीत टाकायचं. उत्तराचा खर्च विचारणाऱ्यानं आधीच भरलेला.

देशात हे जमलं, परदेशी पत्राचं काय? आपलं तिकीट लंडनच्या पेटीत चालत नाही. त्यावर १९०६ साली रोमच्या जागतिक टपाल परिषदेत तोड निघाली : इंटरनॅशनल रिप्लाय कूपन. आपल्या पोस्टात विकत घ्यायचं, पत्रात घालून पाठवायचं. तिकडच्या माणसानं ते त्याच्या पोस्टात द्यायचं आणि उत्तरापुरतं तिथलं तिकीट घ्यायचं. साधी, माणुसकीची सोय.

याच सोयीतून जगातला सगळ्यात गाजलेला आर्थिक घोटाळा उभा राहिला, हे मात्र फार जणांना माहीत नसतं.

१९१९ साली बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझी नावाच्या इटालियन माणसाला स्पेनहून एक पत्र आलं, सोबत कूपन. त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातली चलनं घसरली होती, कूपनचे दर मात्र युद्धाआधीचेच. म्हणजे इटलीत स्वस्तात घ्यायचं, अमेरिकेत जास्त किमतीची तिकिटं घ्यायची. कागदावर हिशेब अगदी बरोबर होता!

त्यानं जाहीर केलं, ४५ दिवसांत ५० टक्के नफा. लोकांनी रांगा लावल्या. पहिल्यांना पैसे खरंच मिळाले, मग त्यांनीच शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणलं. पण ते पैसे कूपनचे नव्हतेच. मागून आलेल्यांचे पुढच्यांना दिले जात होते.

१९२० च्या उन्हाळ्यात ‘बोस्टन पोस्ट’ या दैनिकानं साधा प्रश्न धरून ठेवला : एवढी कूपनं आहेत कुठं? एवढ्या नफ्यासाठी सोळा कोटी कूपनं लागली असती. जगात फिरत होती जेमतेम २७ हजार. ऑगस्टमध्ये पाँझीला अटक झाली. पुढच्या वर्षी त्या दैनिकाला पुलित्झर पुरस्कार मिळाला. बातमीदार म्हणून मला यात एकच गोष्ट मोठी वाटते : त्यांनी मोजून बघितलं.

आता आपल्याकडं या. जोडकार्ड गेलं, कूपन विस्मरणात गेलं, पाँझी मात्र जिवंत आहे. उसाचं बिल जमा झालं, गुरुजींचा फंड हातात आला, की कुणीतरी पाहुणाच घरी येतो. कधी शेअर, कधी क्रिप्टो, कधी परदेशातला धंदा. “पहिल्या महिन्याला मला मिळाले की, दादा!” तो खोटं बोलत नसतो. त्याला मिळालेले असतात. म्हणूनच तर आपण फसतो. नंतर एमपीआयडी कायदा आहे, पोलीस आहेत, कोर्ट आहे; पण तोवर लेकीच्या लग्नाचे पैसे गेलेले असतात, आणि पाहुण्याशी बोलणंही तुटलेलं असतं.

आपल्या राधानगरीला खऱ्या पैशाचा हिशेब शिकवायला नको. शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरणाचं काम पैशाअभावी थांबलं. १९२२ साली महाराज गेले तेव्हा ते अर्धवटच होतं. पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. उशीर झाला, पण आज भिंत दिसते, पाणी दिसतं, पावसाळ्यात सातही स्वयंचलित दरवाजे मोजता येतात.

म्हणून माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी कुणी योजना घेऊन आला, तर नफा किती हे विचारू नका. नफा कशातून येतो, ते दाखव म्हणा. आणि दाखवता आलं नाही, तर पाहुण्याला चहा द्या, चेक देऊ नका.